चाहूल आणि दिवा

दिवा लावणें ही गोष्ट इतकी साधी आहे कीं तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. दिव्याला इतिहास आहे हें सर्वांस ठाऊक आहे. पणती, समई, कंदील, गॅसबत्ती व विजेचा दिवा ही मालिका शाळेंतील मुलेंहि म्हणून दाखवितील. परंतु दिवा लावणाऱ्या हाताचा इतिहास निराळा आहे. पणतीपासून विजेच्या दिव्यापर्यंत ज्योत बदलली, तेल बदललें, वात नाहींशी झाली. हात मात्र तोच राहिला. सांज झाली हें डोळ्यांनीं पाहावयाचें, खोलींत कोणी आहे कीं नाहीं हें मनानें जाणावयाचें, आणि मग हात पुढें करावयाचा, हा क्रम हजारों वर्षें अखंड चालत आला. तो हात मधून काढून घेण्याची खटपट मात्र गेल्या सव्वाशें वर्षांतील आहे. आणि आज ज्याला स्मार्ट होम म्हणतात त्या घरांत ती जवळजवळ सिद्धीस गेलेली दिसते. जिन्यावर पाऊल पडतांच दिवा लागतो, पाऊल निघून गेलें कीं आपोआप मालवतो.

आमच्या इमारतीच्या जिन्यांत दोन वर्षांपूर्वीं अशीच योजना करण्यांत आली. रात्रभर फुकट जळणारे दिवे थांबले, विजेचें बिल उतरलें, आणि सर्वांस समाधान वाटलें. पुढें एके दिवशीं रात्रीं लिफ्ट बंद असतां तिसऱ्या मजल्यावरील एक वृद्ध गृहस्थ औषधांची पिशवी घेऊन जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागला म्हणून ते पायरीवर टेकले. अर्ध्या मिनिटांत दिवा गेला. पायरी दिसेना म्हणून त्यांस उठण्याचें धैर्य होईना, आणि ते उठत नव्हते म्हणून दिवा लागेना. खालून कोणी तरी चढूं लागलें तेव्हां उजेड झाला व त्यांची सुटका झाली. ते हांसत म्हणाले, "मी स्वस्थ बसलों, तर तुमच्या यंत्राच्या लेखीं मी उरलोंच नाहीं!" यंत्र त्या रात्रीं बिघडलेलें नव्हतें. तें आपलें काम चोख करीत होतें. हें असें कां व्हावें, याचें उत्तर त्या यंत्राच्या कुळकथेंत आहे, आणि ती कुळकथा वाचकांस सांगावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यंत्रानें मनुष्याची अपेक्षा ओळखून आपण होऊन कांहीं करावें ही हौस जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन या यंत्रज्ञानें देवळाच्या दारांची एक युक्ति लिहून ठेविली आहे. वेदीवर अग्नि पेटविला कीं खालची हवा तापून फुगावी, तिनें पाणी एका भांड्यांत लोटावें, भांडें जड होऊन खालीं जावें, आणि त्याच्या दोऱ्यांनीं दाराचे खांब फिरून दार उघडावें, अशी ती रचना आहे. भाविकांस तो चमत्कार वाटला असावा. तथापि येथें यंत्रानें माणसाला ओळखलें नाहीं. माणसानें अग्नि पेटविला, एवढेंच त्याला कळलें. खरा प्रश्न पुढेंच राहिला. अंधार पडला हें यंत्रास कसें कळावें, आणि माणूस आला हें त्यास कसें कळावें?

शहरांतील रस्त्यांवर दिवे वाढले तसा यांपैकीं पहिला प्रश्न निकडीचा झाला. मुंबईंत १८६५ च्या ऑक्टोबरांत गॅसचे दिवे प्रथम लागले, तेव्हां दिवे लावणारा मनुष्य एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे जाऊं लागला आणि त्याच्या मागून बघ्यांची गर्दी चालूं लागली. लंडनमध्यें पॅल मॅल रस्त्यावर हाच देखावा १८०७ सालीं लोकांनीं पाहिला होता. त्या गर्दीला नवल ज्योतीचें होतें. पण त्या ज्योतीच्या पाठीशीं रोज सांजसकाळ फिरणारीं पावलें होतीं. रस्त्यावर हें निभतें. भर समुद्रांतील खडकावर जो दिवा लावावयाचा, तेथें रोज संध्याकाळीं कोणीं जावें? आश्चर्याची गोष्ट अशी कीं आपल्या जिन्यांतल्या दिव्याचे दोन पूर्वज अशा समुद्रावरच्या दीपगृहांतूनच आले आहेत.

प्रकाश कांहीं पदार्थांचा विजेला होणारा अडथळा कमी करतो, हें ध्यानांत आलें तें समुद्राच्याच निमित्तानें. विलोबी स्मिथ नांवाचा इंग्रज इंजिनियर समुद्रांतील तारायंत्राच्या तारा तपासण्यासाठीं सेलेनियमच्या कांड्या वापरीत असे. विजेला मोठा अडथळा करणारा पदार्थ म्हणून त्यानें तो निवडला होता. परंतु त्या कांड्यांचीं मापें एकसारखीं येईनात. उजेड पडला कीं अडथळा घटे, झांकण घातलें कीं वाढे. ही गोष्ट त्यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केली. एका त्रासदायक चुकीचा पाठलाग करतां करतां मनुष्याला उजेड ओळखणारा पदार्थ सांपडला. पुढें १८८७ सालीं हर्ट्झ यास प्रकाश व वीज यांचा दुसरा एक संबंध दिसला, १९०५ सालीं आइन्स्टाइननें त्याचा उलगडा केला, आणि विजेचे डोळे बनूं लागले. १९३१ सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत एका उपाहारगृहाच्या दारास असा डोळा बसविण्यांत आला. दोन्ही हातांत ताटें घेतलेला वाढपी प्रकाशाच्या झोतांतून गेला कीं दार उघडे. येथें माणसानें यंत्राच्या डोळ्यासमोरचा उजेड अडविला, म्हणून यंत्राला तो कळला.

परंतु वीज नसलेल्या ठिकाणींहि अंधार ओळखतां येतो, हें दाखवून देणारा पुरुष निराळाच होता. गुस्ताफ दालेन हा स्वीडन देशांतील शेतकऱ्याच्या घरीं १८६९ सालीं जन्मला. दीपगृहांत अ‍ॅसिटिलीन वायूचे दिवे जळत. वायु महाग, आणि दिवसा दिवा जळत राहणें म्हणजे पैसा उजेडांत ओतणें होय. दालेननें १९०७ सालीं सूर्यझडप तयार केली. तिची रचना एखाद्या बुद्धिमान मुलालाहि समजेल इतकी सोपी आहे. मध्यें एक काळा दांडा, आणि त्याच्याभोंवतीं सोन्याचा मुलामा दिलेले तीन चकचकीत दांडे. हवा तापली कीं चारहि दांडे सारखेच लांबतात, त्यामुळें उन्हाळ्याहिवाळ्याचा परिणाम एकमेकांस छेदून जातो. पण प्रकाश पडला कीं तो काळ्या दांड्यांत मुरतो आणि चकचकीत दांड्यांवरून परावर्तित होतो. काळा दांडा केंसभर अधिक लांबतो, आणि त्या केंसभर फरकानें वायूची झडप बंद होते. सांज झाली कीं तो आंखडतो व झडप उघडते. ही झडप चालेल यावर जर्मनींतील पेटंट कचेरीचा विश्वास बसेना. प्रत्यक्ष दाखविल्यावर तो बसला. दालेननें शोधून काढलेल्या उघडझांप करणाऱ्या दिव्याची तिला जोड मिळाली, तेव्हां वायूची इतकी बचत झाली कीं एखादें दीपगृह महिनेच्या महिने माणसावांचून जळत राही.

या शोधाबद्दल दालेन यास १९१२ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्याच वर्षीं वायूच्या नळकांड्यांची परीक्षा करीत असतां स्फोट झाला आणि त्याची दृष्टि कायमची गेली. पारितोषिक घेण्यासाठीं त्याचा भाऊ गेला. तो भाऊ नेत्रवैद्य होता. अंधार केव्हां पडतो हें यंत्राला शिकविणाऱ्याच्या वांट्यास स्वतः अंधार यावा, आणि घरचाच नेत्रवैद्य असून त्याचा इलाज चालूं नये, ही गोष्ट एखाद्या नाटककारानें लिहिली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटलें असतें. दालेन खचला नाहीं. १९३७ सालीं मरेपर्यंत तो आपला कारखाना चालवीत राहिला, आणि आंधळेपणांतच त्यानें १९२२ सालीं कमी जळणाची एक प्रसिद्ध चूल तयार केली. दृष्टि गेल्यावर तो माणसें त्यांच्या आवाजानें व स्पर्शानें ओळखीत असला पाहिजे. त्याच्या झडपेला मात्र तेवढेंहि साधलें नसतें. तिला फक्त फरक कळे. काळ्यांतून चकचकीत वजा केल्यावर काय उरतें एवढेंच ती जाणे. ही वजाबाकी वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर आधारलेली आहे.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. माणूस आला हें यंत्राला कसें कळावें? माणसाचें अंग स्वतः एक मंद दिवा आहे, आणि त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाहीं, हें याचें उत्तर. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिष्यानें सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून त्याच्या प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नाहीं, तेथेंहि पारा चढला. हेच अवरक्त किरण. पुढें इटलींतील नोबिली व मेलोनी या दोघांनीं विस्मथ व अँटिमनी यांचे तुकडे जोडून उष्णतेपासून वीज करणारें साधन बनविलें. राजकीय उलाढालींत भाग घेतल्यामुळें मेलोनीला १८३१ सालीं पार्मा सोडून पॅरिसला आश्रय घ्यावा लागला, आणि तेथें त्यानें हें काम पुढें नेलें. तें साधन इतकें हळवें होतें कीं पंचवीसतीस फुटांवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगच्या उष्णतेनें त्याचा कांटा हाले. माणूस न बोलतां, न शिवतां, केवळ असण्यानें यंत्राला कळला, तो बहुधा येथेंच प्रथम.

परंतु जिन्यांतल्या दिव्याचा खरा मूळपुरुष हा नव्हे. तो मूळपुरुष म्हणजे सिंहलद्वीपांतून गेलेला एक खडा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं डच व्यापाऱ्यांनीं तेथून तुरमळीचे खडे युरोपांत नेले. त्या रत्नाचें युरोपीय नांवहि सिंहली शब्दावरूनच आलें आहे. निखाऱ्याजवळ ठेवला असतां हा खडा राख ओढून घेतो, हें व्यापाऱ्यांनीं पाहिलें. म्हणून डच लोक त्यास राखओढ्या म्हणूं लागले, आणि चिलमींतील राख काढण्यासाठीं त्याचा उपयोग करूं लागले. ही ओढ विजेची आहे, हें १७५६ सालीं एपिनस या जर्मन शास्त्रज्ञानें सिद्ध केलें, आणि १८२४ सालीं ब्रूस्टर यानें या गुणाला अग्निविद्युत् अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. या खड्याचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. तो गरम असला म्हणून त्यांतून वीज येत नाहीं, थंड असला म्हणूनहि येत नाहीं. तो तापत असतांना येते, किंवा निवत असतांना येते. उष्णता स्थिर झाली कीं खडा मुका होतो. त्याला स्थिति समजत नाहीं, स्थित्यंतर तेवढें समजतें. दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर त्या वृद्ध गृहस्थांना जो अनुभव आला, त्याचें बीज या राखओढ्या खड्यांत आहे.

अशा स्फटिकांनीं अवरक्त किरण ओळखावे, अशी सूचना १९३८ सालीं प्रसिद्ध झाली होती. पण मध्यंतरीं दुसऱ्या महायुद्धानें रडारची विद्या पुढें आणिली, आणि चाहूल घेण्याचें पहिलें व्यापारी यंत्र तिच्याच वळणावर निघालें. सॅम्युएल बॅग्नो या अमेरिकन संशोधकानें माणसाला ऐकूं न येणारा उच्च ध्वनि खोलींत सोडून त्याच्या प्रतिध्वनींतला फरक टिपणारें यंत्र रचलें. हलत्या वस्तूवरून परतणारा ध्वनि आपला सूर बदलतो, हें डॉप्लरनें १८४२ सालींच सांगितलें होतें. चोर हलला कीं सूर बदले व घंटा वाजे. मात्र पडदा हलला तरीहि ती वाजूं शके. पुढें तुरमळीहून अधिक तरल अशीं कृत्रिम स्फटिकें व चिनी मातीसारखे पदार्थ निघाले, ते स्वस्त झाले, आणि सन १९७० नंतरच्या काळांत प्रथम चोरघंटेंत व मग दिव्याच्या बटणांत जाऊन बसले.

आज भिंतीच्या कोपऱ्यांत जी पांढरी डबी दिसते, तिच्या आंत असे दोन स्फटिक शेजारीं शेजारीं असतात, आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. खोली हळूहळू तापली तर दोघांनाहि सारखेंच कळतें व परिणाम शून्य होतो. माणूस एकासमोरून दुसऱ्यासमोर गेला, तर आधीं एक बोलतो व मग दुसरा, आणि वजाबाकींत शिल्लक राहते. दालेनच्या काळ्या व चकचकीत दांड्यांची हीच युक्ति होती. डबीच्या तोंडावर जी खवल्याखवल्यांची दुधी कांच दिसते, ती वस्तुतः प्लास्टिकची असून तिची घडण फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची आहे. गिरोंद नदीच्या मुखाशीं असलेल्या कॉर्दुआनच्या दीपगृहांत १८२३ सालीं त्यानें पहिलें असें भिंग बसविलें, आणि त्यानंतर चारच वर्षांनीं, अवघ्या ३९ व्या वर्षीं, तो वारला. तेथें त्या भिंगानें ज्योतीचा उजेड एकवटून समुद्रावर फेंकला. येथें तेंच भिंग उलट काम करतें. खोलीभर विखुरलेली माणसाची ऊब, जिच्या लहरीची लांबी एका मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाएवढी असते, ती गोळा करून स्फटिकावर आणतें. खलाशाला वाट दाखविणारें भिंग आतां घरच्या माणसाची वाट पाहत बसलें आहे.

ही घडण समजली कीं या डबीचे सर्व गुणदोष आपोआप उलगडतात. तिच्या दृष्टीसमोरून आडवा जाणारा मनुष्य तिला चटकन दिसतो, सरळ तिच्याकडे चालत येणारा उशिरा दिसतो. म्हणून ती दाराच्या समोर न बसवितां बाजूस बसवावी हें शहाणपणाचें. वैशाखांत नागपूर किंवा अकोला यांसारख्या ठिकाणीं भिंतींची उष्णता माणसाच्या कातडीच्या उष्णतेइतकी होत आली म्हणजे तिला माणूस अंधुक दिसूं लागतो, कारण वजा करण्यास फरकच उरत नाहीं. आणि वाचीत, जप करीत, किंवा दम घेत जो निश्चळ बसला, तो तिला मुळींच दिसत नाहीं. सतत दिवा लावण्यामालवण्याची ही रीत फार दिवस घरोघर पसरली नाहीं, याचें एक कारण दिव्यांतहि होतें. वारंवार लावल्यानें नळीच्या दिव्यांचें आयुष्य घटे. एलईडी दिवा क्षणांत पूर्ण उजळतो व शेंकडों वेळां लावल्यामालवल्यानें थकत नाहीं. निळ्या एलईडीबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानांत जन्मलेल्या तिघांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दालेननंतर शंभर वर्षांनीं पुनः दिव्याचाच गौरव झाला.

राहिला प्रश्न घरांतील यंत्रांनीं एकमेकांशीं बोलण्याचा. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथिस गांवच्या एका लहान कंपनीनें १९७५ सालीं एक्स-१० नांवाची पद्धति काढली. तो त्यांचा दहावा प्रकल्प, म्हणून हें नांव. घरांत असलेल्या विजेच्या तारांतूनच सूक्ष्म संकेत पाठवावयाचा, आणि २५६ पर्यंत दिवे व यंत्रें निरनिराळ्या पत्त्यांनीं हांक मारून चालवावयाचीं, अशी ती योजना. कधीं कधीं शेजाऱ्याच्या घरचा हुकूम आपल्या घरांत येऊन आपला दिवा मालवीत असे. नंतर तारा जाऊन बिनतारी संकेत आले, निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या भाषा झाल्या, आणि २०२२ सालीं मॅटर नांवाची एक सामाईक भाषा ठरली. हा भाग व्यापारी तडजोडींचा आहे. त्यांत शोधाचें तेज थोडें.

आमच्या वृद्ध शेजाऱ्यांची तक्रार मात्र शास्त्रज्ञांच्या कानीं पूर्वींच गेली होती. निश्चळ माणसालाहि ओळखणारें यंत्र आतां बाजारांत मिळतें. तें मिलिमीटर लांबीच्या रडारलहरी सोडतें, आणि श्वासाबरोबर छाती वरखालीं होते तेवढ्या हालचालीवरून माणूस आहे असें ठरवितें. अशा लहरी कोणीं प्रथम हाताळल्या हें पाहिलें तर आपणांस कलकत्त्यास जावें लागतें. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास प्रेसिडेन्सी कॉलेजांत पांच मिलिमीटरपर्यंत आंखूड अशा विद्युल्लहरी निर्माण केल्या. त्या भिंतींतून आरपार नेऊन त्यांनीं दूरची घंटा वाजवून दाखविली, आणि १८९७ च्या जानेवारींत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यावर व्याख्यान दिलें. सिंहलद्वीपाच्या खड्याला जें जमलें नाहीं, तें बोसांच्या लहरींनीं साधलें. चाल नसली तरी श्वास त्यांना कळतो.

पण येथेंच एक नवीन काळजी उभी राहते. जिन्यांतली साधी डबी कांहीं लक्षांत ठेवीत नाहीं. तिनें दिवा लावला कीं तिची आठवण संपली. श्वास ओळखणारें यंत्र घरांतील इतर यंत्रांशीं जोडलेलें असतें. रात्रीं कोण किती वेळां उठलें, म्हातारी आई मोरींत किती वेळ होती, कोणत्या दिवशीं घर ओसाड होतें, हें सर्व त्याच्याजवळ लिहिलेलें राहूं शकतें, आणि तें लिहिलेलें घराबाहेर कोणाच्या तरी ताब्यांत जाऊं शकतें. आईनें उठतांच पायाशीं उजेड व्हावा, यांत माया आहे. आई किती वेळां उठली याची वही परक्याच्या कपाटांत असावी, यांत माया नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रानें होतात, म्हणून त्यांतील सीमा यंत्राला कळणार नाहीं. ती घरच्या माणसांनींच आंखली पाहिजे. यंत्र घेतांना त्याची नोंद घरांतच राहते कीं बाहेर जाते, एवढा एक प्रश्न जरी विचारला, तरी पुष्कळ झालें.

आमच्या जिन्यांत अखेर जी सुधारणा झाली ती फार लहान होती. अर्ध्या मिनिटाची मुदत पांच मिनिटांची करण्यांत आली, आणि प्रत्येक वळणावर, बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर, एक साधें बटण बसविण्यांत आलें. अंधारांत दिसावें म्हणून त्यावर बारीक तांबडा ठिपका आहे. विजेच्या बिलांत त्यानें फारसा फरक पडला नाहीं. ते वृद्ध गृहस्थ हल्लीं रोज वर जातांना त्याच पायरीवर टेकतात, आणि दिवा जाण्याची वाट न पाहतां, गेलाच तर मागें हात नेऊन तो पुनः लावतात.